बदल्यांचं टेबल

अकरा वर्षं माझ्याकडे बदल्यांचं टेबल होतं,
पाटबंधारे खात्यात, दुसऱ्या मजल्यावर, कूलरच्या तोंडाशी.
आता हुडकेश्वरला घरामागे चार वाफे आहेत,
विटा उभ्या रोवून आखलेले,
आणि त्यांचंही एक रजिस्टर आहे.
सवय.

पहिल्या वर्षी टमाटर दोन नंबरच्या वाफ्यात.
दुसऱ्या वर्षीही तिथेच. काम चांगलं करतोय,
कशाला हलवा?
तिसऱ्या वर्षी झाडं दुपारी माना टाकायची,
संध्याकाळी पाणी दिलं की उचलायची, माझ्या समाधानासाठी,
मग तेही बंद.
उपटलं तर मुळांना गाठी.
मी त्याच जागी वांगी लावली.
वांगी त्याच घरची, हे मला माहीत नव्हतं.
माणसांचे गाव, जात, कोण कुणाचा मेहुणा,
सगळं पाठ असायचं मला.

ऑक्टोबरात निखाडे आला, पत्रिका घेऊन,
कोपऱ्यांना हळद.
शामराव निखाडे, अनुरेखक.
अहेरी, सिरोंचा, भामरागड, मग वडसा.
सही साहेबांची असायची.
नावं मी काढून द्यायचो.

माझ्या हातात फावडं पाहून
तो चपला काढून वाफ्यात उतरला.
काळी माती, पाऊस जाऊन बारा दिवस.
मूठभर उचलली, दाबली, अंगठा मारला.
गोळा तसाच, अंगठ्याची रेघ घेऊन.
"थांबा जी. आता खंदाल तं ढेकळाच्या इटा होतीन.
गोळा बोटानं फुटला पाह्यजे, मंग खंदा."
मी फावडं भिंतीला लावलं.
त्याचा एकही अर्ज मी इतक्या लवकर मंजूर केला नव्हता.

बायकोनं चहा आणला. त्यानं रजिस्टर चाळलं,
हसला.
"इथंबी तीन वर्सं पूर्ण झाल्याशिवाय हलवत नाही का?
माणसाले तीन. टमाटरले एक."

गोळा फुटला त्याच्या पुढच्या गुरुवारी.
फावडंभर खोल उकरलं, उलटलं नाही फार.
कन्हानची रेती दोन घमेली,
बशीर दूधवाल्याचं वर्षभर मुरलेलं शेणखत,
निंबोळी पेंड ओंजळभर,
आणि कूलरचा जुना वाळा, हातानं मोडून, वर पांघरायला.
ओला झाला की अजूनही
मे महिन्यातल्या ऑफिसचा वास येतो त्याला.

आदेश असे निघाले:
दोन नंबरात झेंडू, बाकी कुणी नाही, पुढील सूचनेपर्यंत.
वांगी चारात. मिरची त्यांच्यासोबत,
भावकी एकाच वाफ्यात राहू दे, एकाच वेळी हलवता येईल.
सांभार आणि पालक तीनमध्ये.
एक नंबरात वाल, ज्याला आम्ही पोपट म्हणतो.
बी निखाडेनंच दिलं, खिशातून, बस तिकिटाच्या पुडीत.

त्या दिवशी फाटकाशी मी विचारलंच.
सिरोंच्याला कसं होतं?
एकवीस वर्षं उशीर झाला होता विचारायला.
तो गाडीचा स्टँड काढता काढता थांबला.
"क्वार्टरमागं वाल लावला होता जी.
निंगालो तवा वेल उपटले नाही, वरून कापले.
मुळं राहू देली मातीत.
त्याच्याबी मुळाले गाठी राह्यते.
पण त्या बिमारीच्या नाही."
मग कोण आलं त्या क्वार्टरात?
"चौबे का कोन. मी नाही पाह्यला.
म्हनत, पालक लय झाला त्याले."

एवढंच बोलला. बदलीबद्दल काहीच नाही.
हेल्मेट घातलं, तुकडोजी पुतळ्याकडून जातो म्हणाला.

रजिस्टरात शेवटचा रकाना शेऱ्याचा असतो.
मी तो नेहमी कोरा सोडत आलो.
एक नंबरच्या ओळीपुढे लिहिलं:
उपटू नये. कापावे.

लग्न सोळा फेब्रुवारीला आहे, वडशाला.
तोवर शेंगा धरतील.